एमएम 540 चं प्युजो इंजिन पुन्हा बांधून घेतलं: खान्देशातल्या एका उन्हाळ्यानंतरचा अनुभव

मागच्या दिवाळीनंतर माझ्या महिंद्रा एमएम 540 या जुन्या डिझेल जीपचं इंजिन उतरवलं आणि थंडी पडता पडता ते काम होऊन परत चढलं. तेव्हापासून हिवाळा झाला, मे महिना झाला, आता पावसाळाही सरलाय. गाडी अमळनेरात असते. शेतावरची ने-आण, धुळे-चोपडा हे नेहमीचं, मधूनमधून सातपुड्यात. एवढं चालवून झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं, कारण आपल्याकडे कुठल्याही इंजिनाची परीक्षा मे महिन्यातच होते.

निकाल आधीच सांगतो. इंजिन बदलण्याचा विचार सोडून मूळचंच इंजिन नीट बांधून घेतलं, आणि उरलेला पैसा कूलिंगवर घातला. हा निर्णय मला आज शंभर टक्के पटलेला आहे.

माझ्या जीपमध्ये एक्सडीपी 4.90 इंजिन आहे. 1979 मध्ये महिंद्राने फ्रान्सच्या प्युजोशी करार केला, त्यातून हे आपल्याकडे आलं. चार सिलिंडर, 90 मिमी बोअर, 83 मिमी स्ट्रोक, 2112 सीसी. टर्बो नाही, सेन्सर नाही, ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटरही नाही. खेड्यातला चांगला मिस्त्री ते डोळे मिटून खोलतो.

इंजिन धूर द्यायला लागलं, ऑइल खायला लागलं, तेव्हा ओळखीतल्या सगळ्यांचा सल्ला एकच होता: हे काढ आणि बोलेरोचं 2523 सीसीचं डीआय टाक. सल्ला चुकीचा म्हणता येणार नाही. डीआय म्हणजे डिझेल थेट पिस्टनवरच्या खड्ड्यात फवारलं जातं. ॲव्हरेज चांगलं, खालच्या आरपीएमला ओढ चांगली, थंडीत चालू करताना आतली हवा तापवणाऱ्या हीटर प्लगची कटकट नाही. प्युजोमध्ये डिझेल आधी हेडमधल्या, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणातल्या, छोट्या चेंबरमध्ये पेटतं आणि मग सिलिंडरमध्ये उतरतं. त्यामुळे आवाज मऊ येतो, पण उष्णता जास्त प्रमाणात हेडमधून पाण्यात जाते. ही गाडी आपल्याकडे तापते ती मुख्यतः यामुळे, आणि कूलिंगचं महत्त्वही यातच आहे.

तरीही स्वॅप, म्हणजे इंजिनाची अदलाबदल, केला नाही, आणि पहिलं कारण कागदाचं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 स्पष्ट आहे: कंपनीने मूळ दिलेल्या माहितीशी आरसीवरचा तपशील जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182अ आलं, त्यात अशा दर बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आपल्या जुन्या गाड्यांना 15 वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणीला आरटीओत न्यावंच लागतं. तिथे इंजिन नंबर जुळला नाही तर काय सांगणार? आणि देव न करो, अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण सापडतं. रस्त्यावर अशा शेकडो जीपा फिरतात हे मलाही दिसतं. पण माझ्या गाडीत घरची माणसं बसतात.

दुसरं कारण यांत्रिक. डीआय बसवायचं तर फाउंडेशन, म्हणजे इंजिन चेसिसवर टेकतं ते ब्रॅकेट, नव्याने वेल्ड करा, सायलेन्सरचा पाइप वळवा, रेडिएटरचे होज जुळवा, वायरिंग बदला. यातला प्रत्येक जोड पुढे कुठे ना कुठे हादरे देतो. कमी खर्चात उरकलेल्या स्वॅपच्या जीपा मी पाहिल्यात. इंजिन ठणठणीत, पण वर्षभरात फाउंडेशनचं रबर फाटलेलं आणि चेसिसच्या ब्रॅकेटला तडा.

म्हणून ब्लॉक लेथवाल्याकडे गेला. बोअर झालं, नवे पिस्टन-रिंगा, क्रँक ग्राइंड करून नव्या बेअरिंगा, हेडचं फेसिंग, व्हॉल्व्ह सीट. नोझल आणि डिझेल पंप वेगळ्या दुकानात टेस्ट बेंचवर लावले. इथे एक आग्रहाने सांगतो. पंप कॅलिब्रेशनला दिला की दुकानदार हमखास विचारतो, "थोडा वाढवून देऊ का?" म्हणजे जास्तीत जास्त डिझेलचा स्क्रू उघडून देऊ का. नको म्हणा. इंजिनात जेवढी हवा जाते त्याच्या पलीकडचं डिझेल नुसता काळा धूर करतं, आणि त्याची उष्णता पिस्टन, हेड आणि पाणी यांनाच सोसावी लागते. टर्बो नसलेल्या इंजिनात हवा वाढवायचा मार्गच नाही.

पहिलं ऑइल 500 किलोमीटरला बदललं, गार इंजिनावर हेडचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासले, आणि पहिले दीड हजार किलोमीटर गाडीला कुठेही रेटलं नाही. फार सांभाळून, एकाच मंद वेगानेही चालवली नाही, कारण रिंगा बसायला थोडा भार लागतो.

आता कूलिंग. खरा पैसा आणि खरा वेळ इथे गेला.

जुना रेडिएटर खोलला तेव्हा आतल्या नळ्या पांढऱ्या क्षाराने निम्म्या बुजलेल्या होत्या. वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी भरलं की हेच होणार. मग नवा कोअर, म्हणजे रेडिएटरचा नळ्यांचा गाभा, टाकून घेतला, नळ्यांच्या तीनऐवजी चार ओळींचा, पितळ-तांब्याचा. जास्त ओळी म्हणजे जास्त थंडावा, हे अर्धसत्य आहे. ओळी वाढल्या की हवेला आरपार जायला अडचण होते, म्हणून पंख्याभोवतीचा श्राउड, म्हणजे हवा रेडिएटरमधूनच ओढली जावी म्हणून लावलेलं कडं, धड असणं तितकंच गरजेचं. माझ्या गाडीचा श्राउड कुणीतरी कधीच काढून टाकलेला होता. पत्र्याचा नवा करून घेतला, आणि पंख्याची पाती साधारण निम्मी श्राउडच्या आत राहतील असा बसवला. हळू चालताना, घाटात, बाजारातल्या गर्दीत याचा फरक नव्या कोअरपेक्षा जास्त जाणवला, हे मनापासून सांगतो.

मग थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावरच रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह. मिस्त्री हातात धरून म्हणाला, "काढी टाक ना भाऊ, काही कामनं नही ते." खान्देशातल्या बहुतेक जुन्या डिझेल गाड्यांतून तो असाच काढलेला असतो. मी नवा आणून बसवला. थर्मोस्टॅट काढला की इंजिन योग्य तापमानाला यायला फार वेळ घेतं. तोवर डिझेल धड जळत नाही, ऑइल घट्ट राहतं, बोअर झिजतो. ज्या इंजिनात पाण्याला बायपासची वाट असते, तिथे तर उलटाच प्रकार होतो: थर्मोस्टॅट उघडताना ती वाट बंद करायचा असतो, तो नसला की गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरकडे न जाता तसाच इंजिनात फिरत राहतो. गाडी तापायचं कारण रेडिएटरमध्ये, वॉटर बॉडीत (पाण्याच्या पंपात) किंवा बेल्टमध्ये असतं, आणि शिक्षा थर्मोस्टॅटला होते. घ्यायच्या आधी गरम पाण्याच्या पातेल्यात टाकून तो उघडतो का, एवढं मात्र पाहून घ्या.

रेडिएटरच्या टोपीकडे कुणी लक्ष देत नाही. साधं पाणी 100 अंशांना उकळतं. 7 पौंडांची (चौरस इंचाला 7 पौंड दाब धरणारी) टोपी नीट दाब धरत असेल तर ते साधारण 111 अंशांपर्यंत उकळत नाही, 13 पौंडांची असेल तर 119 पर्यंत. टोपीचं रबर कडक झालं की हा सगळा आधार जातो. पण जुन्या झाळलेल्या रेडिएटरला मनाने जास्त पौंडांची टोपी लावू नका, टाकीचे जोड उसवतात. पाण्याच्या जागी आता कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं आहे. कूलंट उकळबिंदू थोडा वाढवतं, पण खरा उपयोग गंज आणि क्षार थांबवण्याचा. पावसाळ्यानंतर टोपी उघडून पाहिली, रंग स्वच्छ होता.

डॅशबोर्डवर अंशांचे आकडे दाखवणारा मेकॅनिकल टेम्परेचर मीटर लावला. नुसत्या हिरव्या-लाल पट्टीवर मला भरवसा वाटत नाही.

तर मे महिना. भुसावळ-जळगाव पट्ट्यात पारा 45 च्या आसपास गेला होता, अमळनेरातही अंगाची लाही होत होती. भर दुपारी धुळ्याच्या रस्त्याला 60-65 च्या वेगाने काटा 88 ते 92 मध्ये राहिला. कामाआधी याच रस्त्यावर एप्रिलमध्येच बॉनेट उघडून थांबावं लागायचं. चाळीसगावहून कन्नड घाट चार माणसं आणि सामान घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये चढलो, तिथे 97-98 पर्यंत गेला आणि माथ्यावर सपाटी लागताच उतरला. तोरणमाळला मात्र कस लागला. शहादा-म्हसावद सोडून सातपायरी घाट लागला की वेग कमी, वळणं दाट, समोरून हवा नाही. काटा 100 ला टेकला, त्याच्या वर गेला नाही. एवढ्या उतारवयातल्या गाडीला मी याहून जास्त काही मागत नाही.

ऑइल 15डब्ल्यू-40 ने सुरुवात केली, मार्चनंतर त्याहून घट्ट 20डब्ल्यू-50 टाकलं. गरम इंजिनावर आयडलिंगचा ऑइल प्रेशर थोडा वर राहतो, एवढाच फरक. थंडीत परत पातळ टाकणार. ऑइल दोन दिवसांत काळं होतं म्हणून घाबरायचं कारण नाही, या जातीच्या इंजिनात काजळी ऑइलमध्ये उतरतेच. डिपस्टिकवर पातळी पाहा. माझी दोन सर्व्हिसिंगमध्ये जेमतेम हलते.

ॲव्हरेज लिटरला 11 ते 12. डीआयवाले मित्र याहून जास्त काढतात, ते खरं आहे. मला यासाठी स्वॅप करावासा वाटत नाही.

जानेवारीत सकाळी पारा दहाच्या खाली गेला की हीटर प्लगची किंमत कळते. एक जरी मेला तरी गाडी तीन सिलिंडरवर खोकत चालू होते आणि पांढरा धूर सोडते. टेस्ट लॅम्पने प्रत्येक प्लग वेगळा तपासता येतो, त्यासाठी गॅरेज लागत नाही. चारही एकाच कंपनीचे, एकाच वेळी बदला.

तक्रारीही आहेत. बाजारातली पहिली वॉटर बॉडी सीलमधून गळायला लागली. दुसरी घेताना हाताने शाफ्ट हलवून, फिरवून पाहिली, ती अजून कोरडी आहे. सुटे भाग मिळतात, पण दर्जा पाहून घ्यावे लागतात. धुळ्यात मिळाले नाहीत ते नाशिकहून मागवले. आणि हे इंजिन शर्यतीचं नाही. महामार्गावर 70 च्या पुढे ते आनंदाने जात नाही, ट्रक ओलांडायला जागा बघून ठेवावी लागते.

टायर मूळच्या मापाचेच आहेत. मोठे टायर लावले की चाकाचा घेर जितका वाढतो तितके सगळे गिअर लांब होतात, स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवतो आणि चढावर इंजिन दमतं. 2112 सीसीच्या या इंजिनाला ते झेपत नाही. गाडी उंच दिसावी म्हणून हा सौदा मी करणार नाही. पाटे (स्प्रिंगा), ते टांगणाऱ्या शॅकलचे बुश आणि यू-बोल्ट यांकडे लक्ष दिलं तर जीप आहे त्या उंचीवर शेतात सगळीकडे जाते.

आपल्या भागासाठी एक खास गोष्ट. कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या आसपास, वेचणी चाललेल्या शेतांजवळ गाडी फिरली की रेडिएटरच्या फिन्समध्ये रुई अडकते, त्यावर धूळ बसते आणि घट्ट थर तयार होतो. बाहेरून पाहिलं तर रेडिएटर स्वच्छ वाटतो. पाणी नेहमी इंजिनाच्या बाजूने पुढे मारा, म्हणजे कचरा आला त्या वाटेने निघतो. प्रेशर वॉशरचं नोझल जवळ धरू नका, फिन्स आडव्या होतात. वेचणी सुरू झाली आहे, त्यामुळे सध्या हे काम मी दर रविवारी करतोय. क्लच प्लेट घसरायला लागल्यासारखी वाटते, ती डिसेंबरात खोलणार आहे.