रेसची गाडी, खोटं लायसन्स आणि नऊ क्विंटल कापूस

रेसच्या गाडीला कागद लागत नाहीत, या एका वाक्यावर विश्वास ठेवून मी ६२,००० रुपये दिले. जानेवारी २०२५ मध्ये आमचा कापूस ६,९०० रुपये क्विंटलने गेला होता. म्हणजे हे नऊ क्विंटल झाले, आणि त्यात वेचणीची मजुरी, फवारणी, खत काहीच धरलेलं नाही. आपल्याकडच्या ज्या पोरांना रेसिंगचा नाद आहे पण खिशात फार पैसे नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मी आर्वी तालुक्यातला. घरची शेती आहे आणि मी कृषी सेवा केंद्रात कामाला जातो. शर्यतीचं वेड घरातलंच, आजोबांची बैलजोडी तळेगाव दशासरच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, धावलेली. मी मात्र मोटरसायकलवाला. बाबांची स्प्लेंडर पांदणीने, नाल्याच्या रेतीतून पळवत मोठा झालो. दोन वर्षांपूर्वी अमरावतीकडे एका मैदानावर मातीवरची रेस पाहिली. तेव्हापासून डोक्यात एकच होतं, एकदा तरी छातीवर नंबर लावून तिथे उभं राहायचं. पण सुरुवात कुठून करायची, लायसन्स कोण देतं, गाडी कोणती चालते, हे सांगणारं आमच्या गावात कोणी नाही. ज्याने मला गाडी विकली त्या माणसाचा धंदा याच्यावरच चालतो.

त्याचा नंबर मित्राकडून आला. नागपूर-अमरावती हायवेला लागून पत्र्याचं शेड, बाहेर टायरांचे ढीग, आत लाइट-आरसे काढलेल्या तीन-चार गाड्या आणि फळीवर ओळीने ट्रॉफ्या. त्याने चहा पाजला, माझी सगळी गोष्ट ऐकून घेतली आणि ‘पॅकेज’ सांगितलं: रेससाठी तयार केलेली २०० सीसीची गाडी, हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्हज, रेसिंगचं लायसन्स, दोन दिवसांचं ट्रेनिंग आणि पहिल्या रेसची एन्ट्री. टोकन १०,०००, गाडी उचलताना ४०,०००, लायसन्स आणि ट्रेनिंगचे १२,०००.

मी गाडीचं आरसी बुक विचारलं. विचारलं होतं, हे मुद्दाम सांगतो. तो म्हणाला, “भाऊ, रेसच्या गाडीले कागद लागतच नाई. आरटीओचा अन् ट्रॅकचा काय संबंध? लाइट काढले, आरसे काढले, आता हे रोडची गाडीच नाई राह्यली.”

यातलं अर्धं खरं आहे, म्हणून ते पटतं. बंद ट्रॅकवर चालणाऱ्या गाडीला नंबरप्लेट नसते, ती रस्त्यावर चालवता येत नाही, टेम्पोत टाकूनच न्यावी लागते. पण गाडी विकणारा तिचा मालक आहे की नाही, हे आरसीशिवाय कसं कळणार? ट्रॅकवर नेण्यासाठी कागद लागो न लागो, विकत घेण्यासाठी तो लागतोच. हा फरक मला त्या दिवशी सुचला नाही.

त्याने ५०० च्या स्टॅम्पपेपरवर माझी सही घेतली. सांगितलं, रेसमध्ये काही लागलं-पडलं तर जबाबदारी तुमची, एवढंच लिहिलं आहे. मी वरच्या चार ओळी वाचल्या. खाली लिहिलं होतं की सदर वाहन सुट्या भागांसाठी भंगार म्हणून घेतले आहे. पैसे फोनवरून पाठवले तेव्हा स्क्रीनवर नाव भलत्याच बाईचं आलं. तो म्हणाला, घरचंच खातं आहे. छोटा हत्तीचं ३,५०० रुपये भाडं देऊन गाडी गावात आणली तेव्हा अर्धं गाव बघायला जमलं होतं.

ट्रेनिंगची तारीख दोनदा पुढे गेली. लायसन्स मात्र आठ दिवसांत आलं, माझा फोटो लावलेलं, लॅमिनेट केलेलं. फेब्रुवारीत एका रेसची एन्ट्री लागली आहे असं त्याने कळवलं. मी मामेभावाला घेऊन, परत टेम्पो करून गेलो.

रेसच्या आधी स्क्रुटिनी असते. एका टेबलावर कागद तपासतात, मग गाडी आणि अंगावरचं सामान. टेबलावर एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी यादी पाहिली, माझं नाव नव्हतं. मग माझं कार्ड हातात घेऊन बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “बेटा, मेडिकल केलं होतंस का?” मी म्हटलं, कसलं मेडिकल? तेव्हाच त्यांना कळलं असावं. देशात मोटरस्पोर्टची मान्यताप्राप्त संस्था एकच, फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआय. स्पर्धेचं लायसन्स तीच देते. अर्ज स्वतःच्या नावाने तिच्याकडेच करायचा असतो, डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट जोडावं लागतं आणि लायसन्स दर वर्षी नवीन काढावं लागतं. माझ्या कार्डावरचा नंबर त्यांच्या नोंदीत नव्हताच.

त्यांनी मला हाकलून दिलं नाही. बाजूला घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाले, “हेल्मेट दाखव.” मागच्या बाजूला ईसीई, म्हणजे हेल्मेटच्या युरोपीय सुरक्षा मानकाचं, स्टिकर होतं. त्यांनी आतला पट्टा उलटा करून दाखवला. खऱ्या ईसीई हेल्मेटच्या हनुवटीच्या पट्ट्यावर शिवलेली चिठ्ठी असते, तिच्यावर गोलात इ हे इंग्रजी अक्षर आणि देशाचा आकडा, खाली मंजुरीचा नंबर. माझ्या पट्ट्यावर काहीच नव्हतं. आपल्याकडे रस्त्यावरच्या हेल्मेटला सक्तीचा असलेला आयएसआय मार्कही नव्हता. त्यांनी आतलं अस्तर ओढलं तर खाली बोटाने दाबला जाईल असा पातळ थर्माकोल. “हे घालून पडला असतास तर?” एवढंच म्हणाले. पैशांचं दुःख मला आजही आहे, पण राग मला या हेल्मेटचा सगळ्यात जास्त येतो. माणूस मरू शकतो हे माहीत असून त्याने ते माझ्या हातात दिलं.

मग त्यांनी गाडीची मान पाहिली. हँडलच्या खाली फ्रेमचा जो भाग असतो, तिथे चेसिस नंबर ठोकलेला असतो. माझ्या गाडीवर तिथे काळ्या रंगाचा जाड थर होता. “नंबर कुठाय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घरी आल्यावर मामेभावाने थिनर लावून रंग काढला. तो पुलगावला गॅरेज चालवतो. नंबर होता. सीट काढली तर खाली एक जुनी पीयूसी चिकटलेली सापडली, तिच्यावर एमएच ३४ चा नंबर. सरकारच्या एमपरिवहन ॲपमध्ये तो टाकला. चेसिस नंबरचा काही भाग तिथे झाकलेला असतो, पण जे आकडे दिसत होते ते फ्रेमवरच्याशी जुळले. खाली फायनान्स कंपनीचं नाव होतं. चंद्रपूरकडच्या कोणाची तरी, कर्जावर घेतलेली गाडी माझ्या गोठ्यात उभी होती.

इंजिनचंही तेच. जोर वाढवायला हाय कॅम टाकला, पोर्टिंग केलं, १८,००० चं काम आहे असं सांगितलं होतं. खोललं तर कॅम कंपनीचाच, रिंगा झिजलेल्या आणि पिस्टनच्या डोक्यावर ०.५० चा आकडा. म्हणजे एकदा बोअर करून मोठा पिस्टन बसवलेला, आणि तोही संपलेला. गाडी निळा धूर का टाकते, याचं उत्तर मला तो ‘रेसचं ऑइल आहे’ म्हणून देत होता.

त्याचा फोन बंद. शेडला कुलूप. मी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन केला तोवर शेवटचे पैसे जाऊन अकरा दिवस झाले होते. तो नंबर पैसे गेल्या गेल्या लावायचा असतो, रक्कम खात्यात आहे तोवरच ती अडवता येते. ठाण्यात तक्रार दिली, फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेतलं ३१८ आहे. पण गाडीही ठाण्यात जमा झाली, कारण ती माझी नव्हतीच. आणि त्या स्टॅम्पपेपरमुळे मी चोरीचा माल भंगारात घेणारा आहे का, अशी चौकशी आधी माझीच झाली. पीयूसीची चिठ्ठी, फोनवरची बोलणी आणि पैसे पाठवल्याच्या नोंदी जपून ठेवल्या होत्या म्हणून निभावलं.

बाबांना सांगायला दोन दिवस लागले. ते ओसरीवर बसले होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “कापूस पुढच्या साली होईन. तू कुठी पडला-बिडला तं नाई न?”

त्या टेबलावरच्या काकांशी मी नंतर फोनवर बोललो. त्यांनी जे सांगितलं ते आधी माहीत असतं तर मी त्या शेडमध्ये गेलोच नसतो. सुरुवातीला स्वतःची रेसची गाडी लागतेच असं नाही. टीव्हीएसची वन-मेक चॅम्पियनशिप १९९४ पासून चालते. तिथे सगळ्यांना कंपनीने तयार केलेली सारखीच गाडी मिळते आणि निवड चाचणीतल्या लॅप टाइमवर, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीला लागलेल्या वेळेवर, होते. रॉयल एनफिल्डने २०२१ पासून असाच जीटी कप सुरू केला. या रेस चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई किंवा कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर होतात. लांब आहे, पण नागपूरहून चेन्नईला थेट गाडी आहे, आणि स्लीपरचं तिकीट माझ्या टोकनच्या एका कोपऱ्यात बसलं असतं. ज्यांच्याकडे तेवढेही पैसे नाहीत त्यांनी जवळच्या स्पर्धेत मार्शल म्हणून स्वयंसेवक व्हावं. झेंडा घेऊन वळणावर उभं राहिलं की रेस आतून दिसते आणि खरी माणसं भेटतात. स्पर्धेला एफएमएससीआयचा परवाना आहे का, हेही आयोजकांना आधीच विचारावं.

माझ्यासारखेच आणखी दोघे निघाले, एक हिंगणघाटकडचा, एक वणीकडचा. दोघांनाही लायसन्स तसंच, गाडीच्या मानेवर रंगही तसाच. तिघांच्या तक्रारी आता एकत्र आहेत.

मागच्या आठवड्यात घाटंजीकडच्या एका मुलाचा फोन आला. त्याने १०,००० टोकन दिलं होतं, बाकीचे सोमवारी घेऊन जाणार होता. शेड दुसरं, माणसाचं नाव दुसरं, पॅकेज तेच. मी त्याला म्हटलं, पैसे घरी ठेवून जा, गाडीची मान बघ आणि आरसी माग. तो गेला. रंग खरवडू द्या म्हणाल्यावर तिथल्या माणसाने त्याला उद्या ये म्हणून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी शेडमध्ये ती गाडी नव्हती. टोकन बुडालं, पण त्याचे ५२,००० घरीच राहिले. आमच्या तक्रारीत त्याचाही जबाब परवा नोंदवला.