लंगोट की डायपर? नागपुरातला हिशेब

बाळंतपणाची 26 आठवड्यांची पगारी रजा म्हणजे नुसता आराम, असं ऑफिसातल्यांना वाटतं. इथे दिवस लंगोट पिळण्यात जातो.

मे महिन्यात पारा 45 अंशांकडे गेला की माझं मत सरळ लंगोटाला. आजीच्या जुन्या सुती लुगड्याचे मऊ तुकडे गच्चीवर टाकले, की कूलरमध्ये पाणी भरेस्तोवर कडकडीत वाळतात. डायपरमध्ये घाम कोंडतो, जांघेत लाल पुरळ उठतं. घालायचाच तर दोन-तीन तासांनी बदला, शी झाली तर लगेच, आणि मधे थोडा वेळ बाळाला उघडंच खेळू द्या.

जुलैत सगळं उलटं. दोरीवरचे लंगोट दुसऱ्या दिवशीही ओलसर, वर कुबट वास. मग पंखा लावा, इस्त्री फिरवा. रात्री तर कुठल्याही ऋतूत डायपरच, सासूबाई काही का म्हणेनात! 6, 10 आणि 14 आठवड्यांच्या लसींना जातानाही तोच. ऑटोत लंगोट भिजला की आपलाही ड्रेस गेला.

खर्चात अर्थातच लंगोट स्वस्त. वापरलेला डायपर मात्र कागदात गुंडाळून कचरागाडीत वेगळा द्यायचा, संडासात टाकायचा नाही.