वेल्सच्या मठांची शेतवाडी आणि आमची खाजने: एका ऑनलाइन व्याख्यानमालेविषयी

मध्ययुगीन वेल्समधील मठांची शेतजमीन आणि तिच्यावर आजही दिसणाऱ्या खुणा या विषयावरील सहा व्याख्यानांची ऑनलाइन मालिका मी यंदाच्या हिवाळ्यात गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या आमच्या घरी बसून पूर्ण केली. ब्रिटनमधील एका खाजगी संस्थेने ती चालवली होती आणि तिचे शुल्क मडगावातील बऱ्यापैकी हॉटेलात चौघांनी मासळीचे जेवण जेवावे, साधारण तेवढे होते. व्याख्यान तिकडे संध्याकाळी सात वाजता, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू होई. त्यामुळे सहापैकी दोनच व्याख्याने मी प्रत्यक्ष ऐकली आणि उरलेली चार दुसऱ्या दिवशी चित्रफितीवर पाहिली. निवाडा आधीच सांगून टाकते. तिसरे व्याख्यान एकटेच सगळे पैसे वसूल करते, दुसरे उत्तम आहे, पाचवे गाळले तरी काही बिघडत नाही, आणि बाकीची तीन या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतात.

पहिल्या व्याख्यानात विषयाची ओळख होती. सिस्टर्शियन या ख्रिस्ती साधूंच्या पंथाचा उगम १०९८ मध्ये फ्रान्समधील सितो येथे झाला आणि वेल्समधील त्याचा पहिला मठ ११३१ मध्ये वाय नदीकाठी टिंटर्नला उभा राहिला. या पंथाच्या साधूंनी वस्तीपासून दूर राहावे आणि स्वतःच्या श्रमांवर जगावे असा दंडक होता. त्यातूनच ‘ग्रेंज’ ही व्यवस्था निघाली. ग्रेंज म्हणजे मठाची, पण मठापासून अंतरावर असलेली शेतवाडी. तिथे कोठार, गोठा, मेंढवाडा, कबुतरखाना, कधी पाणचक्की आणि मासळीची तळी असत. राबणारे हात मुख्यतः ‘श्रमबंधूं’चे असत. त्यांनी मठाची दीक्षा घेतलेली असे, परंतु त्यांची प्रार्थना थोडक्यात आटोपे आणि उरलेला दिवस नांगरामागे किंवा मेंढ्यांमागे जाई. मठापासून शेतवाडी एका दिवसाच्या चालीपेक्षा लांब नसावी हा नियम होता, परंतु वेल्सच्या डोंगराळ मुलखात तो नेहमीच पाळला गेला असे नाही. ही सारी माहिती चोख होती. निर्जन जागा मिळाली नाही तेव्हा काही मठांनी वसलेल्या गावांतील माणसे हलवून ती जागा निर्जन करून घेतली, ही गोष्ट मात्र वक्त्याने दोन वाक्यांत उरकली. गोव्याच्या माणसाला ही दोन वाक्ये पुरत नाहीत. आपल्याकडे सोळाव्या शतकात देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे आणि मठांकडे वळवले गेले, १७५९ मध्ये जेझुइटांची मालमत्ता सरकारजमा झाली आणि १८३५ मध्ये साधूंचे उरलेले मठही बंद झाले. एवढा इतिहास उशाशी घेऊन जो ऐकायला बसतो, तो जमीन कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली हेच आधी विचारतो.

दुसरे व्याख्यान जमीन वाचायला शिकवते, आणि ते खरोखर शिकवते. पर्यटक टिंटर्नला जातात, छप्पर नसलेल्या चर्चच्या कमानींची छायाचित्रे काढतात आणि परततात. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिनच्या अर्ध्या उरलेल्या मनोऱ्यापाशी आपणही हेच करतो. या व्याख्यानाने आम्हाला त्या कमानींकडे पाठ करून उभे केले. ग्लॅमॉर्गनच्या किनाऱ्याजवळ मंकनॅश येथे नीथ मठाची शेतवाडी होती. तिथे कोठाराच्या भिंतींचे आणि कबुतरखान्याचे अवशेष अजून उभे आहेत, परंतु वक्त्याने त्यांच्यापेक्षा जास्त वेळ भोवतालच्या गवताळ उंचवट्यांना दिला. सूर्य क्षितिजालगत असताना हातभर उंचीच्या बांधाचीही लांब सावली पडते आणि दुपारी सपाट वाटणाऱ्या कुरणात वाटा, आवारे, बुजलेली तळी एकेक करून दिसू लागतात. कोरड्या उन्हाळ्यात याच्या उलट घडते. गाडलेल्या भिंतीवरचे गवत लवकर करपते, बुजलेल्या खंदकावरचे जास्त दिवस हिरवे राहते. २०१८ च्या दुष्काळात वेल्समध्ये विमानातून अशा कितीतरी जागा नव्याने टिपल्या गेल्या.

या व्याख्यानातील सरी-वरंब्यांचा भाग मी दोनदा पाहिला. शब्द आपला असला तरी वस्तू वेगळी आहे. आपला वरंबा आपण ठरवून, त्या हंगामापुरता ओढतो. तिथले वरंबे जड नांगराने माती वर्षानुवर्षे आतल्या बाजूला पलटत राहिल्यामुळे वाढले आणि शेत कुरणात बदलल्यावर तसेच गोठून राहिले. ते सरळही नसतात. बैलांची लांबलचक जोती शेताच्या टोकाला वळवायची तर वळण आधीच धरावे लागते, त्यामुळे प्रत्येक वरंब्याला दोन्ही टोकांशी हलकासा बाक आलेला असतो. आठशे वर्षांपूर्वीचे बैल कुठे वळले हे घरबसल्या बोट ठेवून दाखवता येते, याचे मला अजून नवल वाटते.

आता तिसऱ्या व्याख्यानाविषयी. सेव्हर्न नदीच्या मुखाशी ग्वेंट लेव्हल्स नावाचा सखल पट्टा आहे. त्यातील काही जमीन रोमनांच्या काळातच समुद्राकडून मिळवलेली होती आणि मध्ययुगात मठांनी तिथे पुन्हा हात घातला. गोल्डक्लिफ येथील मठ १११३ मध्ये स्थापन झाला. तो सिस्टर्शियन नव्हे तर बेनेडिक्टाइन, नॉर्मंडीतील बेक मठाचा. टिंटर्नचीही एक शेतवाडी याच पट्ट्यात होती. तिथे भरती-ओहोटीतील फरक चौदा मीटरच्या आसपास जातो, म्हणजे जगातील सर्वाधिक फरकांपैकी एक. आपल्या मांडवी-झुवारीत तो दोन-सव्वादोन मीटरवर थांबतो. आकडा ऐकून मी हादरले होते, पण नकाशा उघडला आणि सगळे ओळखीचे निघाले. समुद्राकडे मातीचा बांध, आत पाणी वाहून नेणाऱ्या चरांचे जाळे, शेताच्या पोटात उथळ पन्हळी, आणि चर खाडीला मिळतात तिथे भरतीला मिटणारे व ओहोटीला उघडणारे दार. चरांना तिथे ‘रीन’ म्हणतात, दाराला ‘गाउट’ आणि खाडीच्या फाट्याला ‘पिल’. आपल्या खाजनात, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या खाडीकाठच्या शेतात, हेच सारे असते: बांध, आतल्या पाण्याची पोंय आणि दाराची मानस.

हे व्याख्यान चालू असताना शेजारचे काका घरी आले होते. ते कूळ संघटनेत आहेत आणि त्यांचे अर्धे आयुष्य बांधाची भगदाडे बुजवण्यात गेले आहे. पडद्यावर गाउटचे चित्र आले तसा त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, “बाय, ही आमची मानसच गो.” मग त्यांनी चित्र तीनदा मागे घ्यायला लावले. दार कशाचे आहे, त्याच्यामागे गाळ साचतो तो कोण काढतो, मासळी कोण धरतो, असे त्यांचे एकामागून एक प्रश्न. मासळीचे उत्तर वक्त्याने आपण होऊनच दिले. गोल्डक्लिफला सामन मासा धरायला भरतीच्या वाटेवर शंकूच्या आकाराच्या टोपल्या ओळीने लावत, आणि ही पद्धत अगदी अलीकडेपर्यंत टिकली होती. काकांना आमच्या मानशीवरच्या मासळीचा लिलाव आठवला. त्या लिलावावरून गावात जितकी भांडणे झाली आहेत, तितकी जमिनीवरूनही झालेली नाहीत.

वक्त्याने सर्वात छान समजावला तो ‘मंक्स डिच’, साधूंच्या नावाने ओळखला जाणारा कालवा. डोंगरावरून येणारे गोडे पाणी सखल शेतात पसरले तर शेत बुडते, म्हणून ते दोन्ही बाजूंनी बांध घालून, शेतांच्या पातळीपेक्षा उंचावरून, थेट समुद्राकडे नेलेले आहे. आत पडलेल्या पावसाचे पाणी वेगळे आणि बाहेरून येणारे वेगळे, हा हिशोब ज्याला कळला त्यालाच अशी जमीन राखता येते. आपल्या खाजनात कोरगुट हे खारेपणा सोसणारे भात पिकवणाऱ्यांना तो कळलेला होता. फरक एवढाच की इथे तो गावकरीने, म्हणजे गावाची सामायिक जमीन पाहणाऱ्या संस्थेने, सांभाळला आणि तिथे, त्या काळापुरता तरी, मठांनी.

बांध फुटला तर काय होते हेही या व्याख्यानात होते. गोल्डक्लिफच्या चर्चमध्ये भिंतीवर एक पितळी पट्टी आहे. पुराचे पाणी या पट्टीच्या कडेपर्यंत चढले, या गावात बावीस माणसे बुडाली आणि पाच हजार पौंडांवर नुकसान झाले, असे तिच्यावर कोरलेले आहे. पट्टीवर साल १६०६ आहे, कारण तिथे तेव्हा नवे वर्ष मार्चच्या अखेरीस सुरू होई. आपल्या हिशोबाने तो पूर जानेवारी १६०७ चा. मठ त्याआधीच इतिहासजमा झाले होते, परंतु बांधाची जबाबदारी कोणाची हा प्रश्न त्यांच्याबरोबर गेला नव्हता. ज्याची जमीन त्याने आपल्या वाट्याचा बांध आणि चर राखायचा, आणि देखरेख राजाने नेमलेल्या आयुक्तांनी करायची, अशी रीत तिथे होती. २०१५ पासून हे काम वेल्सच्या सरकारी पर्यावरण संस्थेकडे आहे. आपल्याकडे १९६४ च्या कूळ कायद्यानंतर गावकरीची जबाबदारी कूळ संघटनांवर आली, आणि पुढे किती खाजनांत खारे पाणी शिरून कांदळ माजले ते झुवारीच्या काठाने जाणाऱ्या कोणालाही दिसते. काकांनी एवढेच विचारले, “सरकाराकडे गेल्यावर चर साफ होतात काय?” हा प्रश्न मी लेखी पाठवला. उत्तर आले नाही.

चौथे व्याख्यान मेंढ्यांचे होते. १२९१ च्या करआकारणीत मार्गम मठाच्या नावावर ५,२८५ आणि टिंटर्नच्या नावावर ३,२६४ मेंढ्या नोंदल्या आहेत, आणि टिंटर्नच्या लोकरीला इटालियन व्यापाऱ्यांकडून फार चढा भाव मिळे. आकडे भरपूर होते, जमीन कमी होती. स्ट्राटा फ्लोरिडा आणि कुमहिर या दोन मठांना जोडणाऱ्या डोंगरवाटेची काही मिनिटांची चित्रफीत तेवढी लक्षात राहते. ओल्या रानातून जाणारी, मेंढ्यांनी आणि माणसांनी तुडवून खोल झालेली ती वाट पाहताना सत्तरीतल्या जुन्या पायवाटा डोळ्यांपुढे येतात. राबणाऱ्यांची गोष्ट याच व्याख्यानात यायला हवी होती. तिच्या वाट्याला एक किस्सा आला. मठाधिपतीने बिअर बंद केली म्हणून ११९५ मध्ये कुमहिरच्या श्रमबंधूंनी त्याचे घोडे पळवले आणि शिक्षा म्हणून त्यांना फ्रान्समधील क्लेअरव्हो मठापर्यंत पायी जावे लागले. किस्सा मजेदार आहे, सगळे हसले. परंतु १२०६ मध्ये मार्गमच्या श्रमबंधूंनी मठाधिपतीचा पाठलाग केला, कोठावळ्याला घोड्यावरून खाली ओढले आणि साधूंचे अन्न अडवून धरले, हे वक्त्याने सांगितलेच नाही. ते मला नंतर वाचनात सापडले. या दोन घटना शेजारी ठेवल्या की पहिलीतले हसू बरेच ओसरते.

पाचव्या व्याख्यानात कमानी, खिडक्या आणि फरशा आहेत. ज्यांना त्यात रस आहे त्यांना ते आवडेल.

सहावे शेवटाविषयीचे. १३४८-४९ च्या महामारीनंतर श्रमबंधू मिळेनासे झाले, मठांनी शेतवाड्या कुळांना खंडाने दिल्या, आणि इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीने मठ बंद केले तोपर्यंत साधू बव्हंशी जमीनदार झालेले होते. टिंटर्न १५३६ मध्ये गेला, स्ट्राटा फ्लोरिडा १५३९ मध्ये. जमिनी दरबारी मंडळींनी विकत घेतल्या आणि जुन्या शेतवाड्यांच्या जागी त्यांची घरे उभी राहिली. कूळ, खंड आणि भाटकार (आपल्याकडचा जमीनदार) हे शब्द घेऊन ऐकले तर व्याख्यान अर्ध्या वेळात समजते.

आता सेवेविषयी. चित्र आणि आवाज स्वच्छ होते. प्रत्येक व्याख्यानासोबत नकाशांची फाइल मिळते, परंतु ती मोबाइलवर उघडल्यास नावे वाचता येत नाहीत. संगणक किंवा मोठी छापील प्रत हवीच. आपोआप उमटणारी इंग्रजी अक्षरे वेल्श नावांपुढे हात टेकतात. ‘रीन’ या शब्दाऐवजी बहुतेक ठिकाणी ‘रेन’, म्हणजे पाऊस, उमटला होता, आणि बांध-चरांच्या व्याख्यानात तो इतका चपखल बसला की मला बराच वेळ चूक कळलीच नाही. चित्रफिती तीस दिवसांनी बंद होतात, ही अट पैसे भरून झाल्यावर आलेल्या पत्रात होती. ती आधी सांगायला हवी होती. पूर्ण मालिका घ्यायची नसेल तर सुटी व्याख्यानेही मिळतात. दुसरे आणि तिसरे घ्यावे.

काकांना गाउटचे चित्र संघटनेच्या बैठकीत दाखवायचे होते, म्हणून मी छापील प्रतीची परवानगी मागितली. चित्रांचे हक्क दुसऱ्याकडे असल्याने ती देता येत नाही, असे सभ्य उत्तर आले. मग मी ते दार वहीच्या पानावर पेन्सिलीने काढून दिले. काकांनी चष्मा लावून पाहिले, बिजागऱ्या मी बाजूला दाखवल्या होत्या त्या खोडल्या आणि वरच्या कडेला काढल्या.