बीजीएमआय की व्हॅलोरंट, आणि सोबत कुठली डिग्री? बारावीनंतरच्या खान्देशी खेळाडूसाठी

रँक बरी आहे, टीम जमतेय आणि घरात ‘पुढे काय’ सुरू झालंय, अशा वेळी गेम, कॉलेज आणि पैसा हे तिन्ही प्रश्न एकदमच अंगावर येतात. ते सुटे सुटे सोडवायला गेलं की फसतं. आमचं मत आधीच सांगतो: जो गेम घरच्या विजेवर आणि इंटरनेटवर तीन वर्षं खंड न पडता खेळता येईल तो निवडा, आणि त्याच्या सरावाला आडवी न येणारी डिग्री घ्या. उलटं करायला गेलात तर दुसऱ्या सेमिस्टरलाच दोन्हीकडून ओरडा बसतो.

बीजीएमआय म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, फोनवरचा शूटिंग गेम. त्याची जमेची बाजू म्हणजे कमी खर्च. ९० एफपीएस (सेकंदाला ९० फ्रेम) धरणारा फोन, वायरचे इअरफोन, झालं. गेमची कंपनी क्राफ्टन हिच्या बीजीआयएस या देशपातळीवरच्या स्पर्धेसाठी खुली नोंदणी होते, त्यामुळे पारोळ्याच्या पोरालाही सुरुवात तिथूनच करता येते. अडचण खेळाच्या स्वरूपात आहे. एका मॅचला १६ टीम, ६४ खेळाडू. पहिल्या नंबरला १० पॉइंट, मग ६, ५, ४ असे उतरत जातात, आणि प्रत्येक फिनिशला (मारलेल्या शत्रूला) १. झोन, म्हणजे खेळायचं आकसत जाणारं वर्तुळ, उलट्या बाजूला पडला की चांगली टीमही पंधरावी येते. म्हणून एका स्पर्धेच्या निकालावरून स्वतःला जोखू नका, वीस-पंचवीस मॅचची सरासरी काढा. दुसरी गोष्ट, हा गेम जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. ते दहा महिने ज्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं, त्यांचं काय झालं असेल याचा विचार करा.

व्हॅलोरंट हा पीसीवरचा शूटिंग गेम. पाच विरुद्ध पाच, १३ राउंड जिंकायचे. इथे नशीब कमी आणि टीमची शिस्त जास्त लागते. ‘भो, हेवनला एक, सत्तर दिलेत’ (वरच्या जागेवर एक शत्रू, त्याला सत्तरची इजा केलीय), एवढंच बोलून गप्प बसणारा खेळाडू टीमला हवा असतो. मेल्यावर मागून क्लास घेणारा नको. प्रीमियर मोडमध्ये पाच ते सात जणांची टीम नोंदवून ठरलेल्या वेळी मॅच खेळता येतात, त्यासाठी स्पॉन्सर लागत नाही. पण पीसी लागतो. रायझन ५ ५६००जी सारख्या आतल्या ग्राफिक्सच्या प्रोसेसरवर कमी सेटिंगला गेम छान चालतो, मात्र रॅम ८-८ जीबीच्या दोन काड्या घ्या. दुकानदार १६ ची एकच काडी लावून देतो आणि मग एफपीएस पडले की ग्राफिक्स कार्ड गळ्यात मारतो. विंडोज ११ असेल तर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट बायोसमध्ये चालू ठेवा, नाहीतर व्हॅनगार्ड हे चीटिंग रोखणारं सॉफ्टवेअर गेम उघडूच देत नाही. १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणून विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो ६० वरच राहिलेला, हा प्रकार तर घरोघरी दिसतो.

सीएस टू (काउंटर-स्ट्राइक २) या पीसीवरच्या तिसऱ्या गेमला वेगळं ग्राफिक्स कार्ड हवंच, आणि आपल्याकडे त्याच्या टीम कमी. हात त्यावर बसलेला असेल तरच घ्या.

तिन्ही गेम जवळच्या सर्व्हरवर खेळता येतात, त्यामुळे पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) हा खान्देशाचा मोठा प्रश्न नाही. प्रश्न आहे संध्याकाळी ८ ते ११ मध्ये पॅकेट लॉसचा, म्हणजे मधेच डेटा गळण्याचा. प्लॅन घेण्याआधी शेजाऱ्याच्या त्याच कंपनीच्या कनेक्शनवर त्याच वेळेत अर्धा तास खेळून बघा. वायफाय नको, राउटरपासून केबल ओढा.

मग वीज आणि ऊन. घरचा इन्व्हर्टर असेल तर मागचा स्विच ‘यूपीएस’ मोडवर करा. साध्या मोडवर लाइट गेली की बदल व्हायला जो क्षण लागतो त्यात पीसी रीस्टार्ट होतो आणि रँक्ड मॅच सोडल्याची पेनल्टी बसते. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस पीसीला काही मिनिटंच तारतो, चाळीस मिनिटांची मॅच नाही. राउटरला वेगळा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावा. मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे असताना कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका. दमट हवा आणि धूळ मिळून फिल्टरवर लगदा जमतो, पंखा अडतो, प्रोसेसर तापून वेग कमी करतो. फोनवाल्यांनी कव्हर काढून खेळावं, चार्जिंग लावून खेळू नये, आणि गार करायला फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवू नये. आत बाष्प जमतं.

डिग्रीचं गणित हजेरीवर ठरतं. इंजिनीअरिंगला प्रॅक्टिकल, जर्नल आणि सबमिशन रात्रीचे स्क्रिम (टीमचे सराव सामने) खाऊन टाकतात. शिवाय बाहेरगावी हॉस्टेलचं नेट मिळालं तर आणखीच कठीण. ज्याला कोडिंग खरंच आवडतं त्यानेच तिकडे जावं. बीसीए मधला मार्ग आहे, पण २०२४ पासून त्यालाही सीईटी आहे. फॉर्म चुकला तर वर्ष जातं. बहुतेकांना आम्ही कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेतलं, स्वतःच्याच गावातलं बीकॉम किंवा बीएस्सी सुचवू. सकाळी कॉलेज, संध्याकाळ मोकळी. नव्या शैक्षणिक धोरणात एका वर्षानंतर सर्टिफिकेट आणि दोन वर्षांनंतर डिप्लोमा घेऊन थांबता येतं, मिळवलेले क्रेडिट (अभ्यासाचे गुण) ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा राहतात.

मुक्त विद्यापीठाची पदवी कमी दर्जाची नाही, यूजीसीने २०२२ मध्येच ती नियमित पदवीच्या बरोबरीची असल्याचं स्पष्ट केलंय. तरी ईस्पोर्ट्स संस्थेचा महिन्याचा पगार लिहिलेला करार हातात असेल तरच तो मार्ग धरा. हजेरीचा धाक गेला की सराव वाढतो असं वाटतं, प्रत्यक्षात झोपेची वेळ दुपारी दोनवर जाते.

आता पैसा. टीमला दोन लाखांचं बक्षीस मिळालं असं धरा. सहसा ३० टक्के टीडीएस कापून १ लाख ४० हजार येतात. चार खेळाडू आणि एक राखीव, म्हणजे प्रत्येकी २८ हजार. संस्थेशी करार असेल तर तिचा वाटा आधी जातो. नोंदणी करतानाच पाचही जणांचे पॅन द्या. सगळी रक्कम कॅप्टनच्या नावावर आली तर २६ एएसमध्ये (आयकर खात्याच्या नोंदीत) ते पूर्ण उत्पन्न त्याचंच दिसतं आणि वाटून दिलेल्या पैशांचा हिशेब देता देता त्याच्या नाकी नऊ येतात.

त्या २८ हजारांतून आधी सहा महिन्यांचं नेट आणि कॉलेजची फी बाजूला काढा, ती बँकेच्या एफडीत ठेवा. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेच्या ठेवीला तो नाही, मग व्याज दोन टक्के जास्त असलं तरी. पाच वर्षं हात लावायचा नसेल तेवढ्याच पैशांची निफ्टी ५० इंडेक्स फंडात एसआयपी करा, ५०० रुपयांपासून होते. शेअर बाजारातल्या ऑप्शनचा नाद नको. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या किरकोळ ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात निघाले. व्हॅलोरंटमध्ये राउंड हरलात तरी शस्त्रं घ्यायला १९०० क्रेडिट मिळतात, मार्केटमध्ये लॉस बोनस नसतो.

घरचे जळगावच्या सोन्याचा आग्रह धरतील. घ्यायला हरकत नाही, पण दागिना नको. घडणावळ मोडताना परत मिळत नाही. हॉलमार्क बघून वेढणी (बिननक्षीचं साधं वेढं) किंवा नाणं घ्या, आणि पक्की पावती स्वतःच्या नावावर करून घ्या.