जुन्या साइडकारचे पत्रेकाम : एका कार्यशाळेच्या कामाचे परीक्षण

जुन्या मोटारसायकलच्या साइडकारचा गंजलेला पत्रा दुरुस्त करून देणाऱ्या कार्यशाळेची पारख रंगाच्या चकाकीवरून करू नये, असे माझे ठाम मत आहे. चांगला रंग देणारे कसबी कारागीर पुष्कळ आहेत; पत्रेकामाचा कस लागतो तो रंगाखाली, जोडांच्या मागच्या बाजूला आणि जिथे हात पोहोचत नाही अशा पोकळ्यांत. म्हणून माझ्या साइडकारचे काम ज्या कार्यशाळेने केले तिच्याविषयी लिहिताना मी मुख्यतः या न दिसणाऱ्या भागाबद्दलच लिहिणार आहे.

माझी साइडकार जर्मनीतल्या न्युरेंबर्गच्या स्टाइब कंपनीच्या साइडकारप्रमाणे संपूर्ण पोलादी पत्र्याची आणि होडीसारखी निमुळती आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या वॉटसोनियन कंपनीच्या अनेक जुन्या साइडकारांत लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकलेला असतो आणि तिथे पत्र्याबरोबर लाकूडही कुजते. तो प्रश्न इथे नव्हता. मात्र पोलादी साइडकारचे स्वतःचे दुखणे असते. तळावरच्या रबरी चटईखाली नमदा (दाबलेल्या लोकरीचा जाड थर) अंथरलेला असतो, तो एकदा भिजला की महिनोन्महिने ओलावा धरून ठेवतो आणि पत्रा वरून खात जातो. माझ्या साइडकारचा तळ असाच चाळण झाला होता. सामानाच्या कप्प्याचे दोन्ही कोपरे आणि मडगार्डची मागची बाजूही गेली होती. त्यात भर म्हणजे पूर्वी कोणीतरी कुजलेल्या पत्र्यावर दुसरा पत्रा रिव्हेटने ठोकून वर पुट्टीचा जाड थर दिला होता. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा व्यापतो, त्यामुळे दोन पत्र्यांच्या मध्ये तो वाढत गेला आणि त्याने वरचे ठिगळ अक्षरशः उचलून धरले होते.

कार्यशाळेने सुरुवातीलाच एक गोष्ट बरोबर केली, ती म्हणजे सगळ्या बॉडीवर वाळूचा मारा करण्यास नकार दिला. वाळूच्या माऱ्याने पातळ पत्रा एका बाजूने ताणला जातो आणि सपाट भाग फुगतो. तो पुन्हा जागेवर आणणे हे मूळ गंजापेक्षा मोठे काम होऊन बसते. त्यांनी मोठ्या भागांचा रंग रसायनाने उतरवला आणि फक्त जाड ब्रॅकेट व चासीची नळी माऱ्यासाठी दिली. पत्रा उघडा झाल्यावर प्रमुख कारागिराने टोकदार आरीने कडेकडेने टोचत तपासणी केली. वरून धड दिसणाऱ्या पत्र्यातही आरी जिथे रुतली तिथे त्यांनी खडूची खूण पुढे सरकवली, आणि कापायची रेषा भोकाच्या कडेवर न आखता निखळ, पूर्ण जाडीच्या धातूत आखली. ठिगळ किती टिकणार हे इथेच ठरते, कारण अर्धवट खाल्लेल्या पत्र्याला वेल्डिंगची उष्णता लागली की तो जळून भोक मोठे होते, आणि जोड झालाच तरी त्याच्या शेजारून पुन्हा फुटतो.

तळाचे काम मी जवळून पाहिले आणि त्याचे मला मनापासून कौतुक वाटते. आधी पुठ्ठ्याचा साचा कापून तो जागेवर बसवून पाहिला; मूळ पत्रा मायक्रोमीटरने मोजून त्याच जाडीचा साधा पोलादी पत्रा घेतला. नवा पत्रा जाड असेल तर वेल्डिंग करताना पातळ बाजू आधी वितळते, आणि पुढेही कंपनांचा सगळा ताण त्या पातळ बाजूवरच येतो. तळाला ताठरपणा देणाऱ्या उठावदार पन्हळी रोलरच्या यंत्रावर मूळच्या अंतराने उमटवल्या, त्याही जोडण्याआधी. ठिगळ जुन्या पत्र्यावर चढवून न बसवता कडेला कड भिडवून बसवले, कारण चढवलेल्या जोडाच्या मधल्या फटीत पुन्हा पाणी आणि गंज यांनाच जागा मिळते. टिग वेल्डिंगचे (न वितळणाऱ्या टंगस्टनच्या टोकाने केलेल्या वेल्डिंगचे) लहान टाके एकमेकांपासून दूरदूर मारले. एक टाका या टोकाला, पुढचा त्या टोकाला, आणि मध्ये पत्रा हाताला कोमट लागेपर्यंत थांबणे. वेल्ड थंड होताना आकसतो आणि आजूबाजूचा पत्रा ओढतो, म्हणून त्यांनी प्रत्येक भरलेल्या तुकड्याखाली डॉली (धातूचा जड ठोकळा) धरून वरून हातोड्याचे हलके ठोके दिले आणि आकसलेला धातू पुन्हा ताणून घेतला. टिगचा वेल्ड मिगच्या (आपोआप पुढे सरकणाऱ्या तारेने होणाऱ्या वेल्डिंगच्या) मानाने मऊ राहतो, त्यामुळे तो असा ठोकता येतो. काम झाल्यावर खालच्या बाजूने बोट फिरवले तेव्हा जोडाची रेषा जेमतेम जाणवत होती आणि तिथे पुट्टीचा कणही नव्हता.

पुढच्या निमुळत्या नाकावर भोके नव्हती, फक्त बारीक खड्डे होते. तिथे न कापण्याचा त्यांचा निर्णय मला पटला. दुहेरी वक्राकार पत्रा गरज नसताना कापणे म्हणजे आकार गमावण्याची जोखीम घेणे. सुटा गंज तारेच्या ब्रशने काढून खड्ड्यांत उरलेल्या घट्ट गंजावर फॉस्फरिक आम्लाचे द्रावण लावले, जे त्याचे लोह फॉस्फेटमध्ये रूपांतर करते. हे द्रावण पातळ, चिकटून बसलेल्या गंजावरच चालते. पापुद्रे सुटलेल्या गंजावर ते ओतून समाधान मानणाऱ्या कारागिरापासून दूर राहावे. उरलेले आम्ल धुऊन, पत्रा कोरडा करून मगच दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर आतून-बाहेरून दिला, त्यावर जोडांना सीलर भरला आणि शेवटी बंद पोकळ्यांत मेणाचा फवारा मारला. पाणी निचरण्याची मूळ छिद्रे सीलरने बुजली नाहीत ना, हे मी स्वतः तार घालून पाहिले. सगळी मोकळी होती.

आता उणिवा. मडगार्डची कड आत तार घालून वळवलेली असते आणि गंज त्या वळणातच दडून बसतो. कार्यशाळेने बाहेरचा कुजलेला भाग बदलला, पण जुनी वळवलेली कड न उघडता तशीच ठेवून आत मेण सोडले. ती उघडून नवी तार घालायला हवी होती, असे मी त्यांना सांगितले. त्यांचे म्हणणे असे की उघडताना जुना पत्रा फाटला असता. हे कारण खरे असू शकते, तरी तो निर्णय मला विचारून व्हायला हवा होता. कामाची छायाचित्रेही मागितल्यावरच मिळाली, आणि प्रायमरखाली झाकल्या जाणाऱ्या जोडांची तर ती आपणहून द्यायला हवीत. शिवाय बॉडी चासीवर परत बसवून दिली, पण मोटारसायकलला जोडताना साइडकारच्या चाकाचा टो-इन, म्हणजे चाक पुढच्या बाजूने मोटारसायकलकडे किती आत वळलेले आहे, हे तपासले नाही. तो साधारण 12 ते 20 मिलिमीटर असावा लागतो आणि कमी-जास्त झाला तर गाडी एका बाजूला ओढते. ते काम मला दुसरीकडून करून घ्यावे लागले.

ज्यांच्याकडे पूर्ण पोलादी साइडकार आहे आणि ज्यांना मूळ पत्रा शक्य तितका राखायचा आहे, त्यांनी या दर्जाच्या पत्रेकामासाठी थांबायची तयारी ठेवावी. काम सोपवण्यापूर्वी मडगार्डच्या कडेचे काय करणार, जोड भिडवून देणार की चढवून, आणि प्रायमरआधीची छायाचित्रे मिळणार का, हे तीन प्रश्न लेखी विचारून घ्यावेत. लाकडी सांगाड्याच्या साइडकारसाठी मात्र मी ही कार्यशाळा सुचवणार नाही, कारण त्यांच्याकडे सुतारकाम होत नाही.