फुकटच्या तिकिटाचे ६२० डॉलर

अमेरिकेत दर चार वर्षांनी २० जानेवारी जवळ आली की राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीची तिकिटं ‘विकणारे’ उगवतात. म्हणून लाज बाजूला ठेवून २००९ सालचं सांगतो.

तेव्हा मी न्यू जर्सीत, एडिसनला राहत होतो. ओबामा निवडून आले आणि साताऱ्याहून आलेल्या बाबांनी धोशाच लावला, हा शपथविधी प्रत्यक्ष बघायचा. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस, त्यांना नाही कसं म्हणणार? नोव्हेंबरच्या शेवटी जाहिरातींच्या एका साइटवर दोन तिकिटं दिसली. कॅपिटॉलच्या, म्हणजे तिथल्या संसद भवनाच्या, समोरची जागा, प्रत्येकी २५० डॉलर. सोबत तिकिटाचा झकास फोटो. विकणारा फोनवर अगदी गोड बोलला. मेहुणा एका काँग्रेस सदस्याच्या ऑफिसात आहे (इथली काँग्रेस म्हणजे संसद, पक्ष नव्हे), घरातलं कुणी आजारी पडलं म्हणून जाता येत नाही, वगैरे. मागे आणखी चार जण थांबलेत, तासाभरात ठरवा.

बाबा शेजारीच बसले होते. म्हणाले, “तिकीट कशाला रे? ९५ साली शिवाजी पार्कवर मुख्यमंत्री मनोहर जोशींचा शपथविधी झाला, तेव्हा कुणी तिकीट विचारलं होतं का?” मी म्हटलं, “बाबा, इथली पद्धत वेगळी असते.” हे वाक्य मला अजून टोचतं.

पैसे त्याने क्रेडिट कार्डाने घेतले नाहीत. मनी ट्रान्सफरच्या खिडकीवर रोख भरायची आणि नंबर त्याला कळवायचा. पलीकडे त्याने पैसे उचलले की संपलं, ते परत येत नाहीत. आठवड्याने ईमेल आला, कुरियरच्या विम्याचे १२० डॉलर पाठवा. तेही पाठवले! पाचशे बुडू नयेत म्हणून आणखी एकशेवीस घालवले. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचा फोन बंद झाला.

मग जे आधी शोधायचं ते शोधलं. ही तिकिटं विकायची नसतातच. आपापल्या भागाच्या सिनेटर किंवा काँग्रेस सदस्याच्या ऑफिसातून ती फुकट मिळतात. तीही शपथविधीच्या ऐन तोंडावर ऑफिसांच्या हाती येतात. म्हणजे मला नोव्हेंबरात ज्याचा फोटो दाखवला ते तिकीट तेव्हा कुणाच्याच हातात नव्हतं. शपथविधीच्या समितीने नोव्हेंबरातच जाहीरही केलं होतं, की कुठल्याही वेबसाइटकडे विकायला तिकिटं नाहीत. मी ते वाचलंच नव्हतं. आणि नॅशनल मॉलच्या मैदानावर मागे उभं राहायला तर तिकीट लागतच नव्हतं. शिवाजी पार्कच की!

एफबीआयच्या इंटरनेट तक्रार केंद्रात ऑनलाइन तक्रार केली. पुढे काही झालं नाही.

तरी गेलो. इथल्या काही मराठी कुटुंबांनी मिळून बस केली होती. रात्रभर प्रवास, पहाटे अंधारात उतरून चालत मॉल. वॉशिंग्टन स्मारकाजवळ उभे राहिलो. दुपारीसुद्धा उणे दोनच्या आसपास थंडी, बाबांच्या कानटोपीवर माझा मफलर. गर्दीचा अंदाज नंतर १८ लाखांचा दिला गेला. मोठ्या पडद्यावर शपथ सुरू झाली, सरन्यायाधीश रॉबर्ट्स अडखळले आणि बाबा ओरडले, “अरे, शब्दांचा क्रम चुकला!” दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये शपथ पुन्हा घेतली गेली, तेव्हा त्यांची कॉलर ताठ.

गंमत म्हणजे खरी, जांभळ्या रंगाची (कॅपिटॉलसमोरच्या एका भागाची) तिकिटं हातात असलेले शेकडो लोक त्या सकाळी मॉलखालच्या थर्ड स्ट्रीटच्या बोगद्यात तासन्‌तास अडकले. कित्येकांना आत जाताच आलं नाही.

साताऱ्याच्या घरात बाबांचा तिथला फोटो लावलाय. पाहुणे विचारतात, “तिकीट केवढ्याला पडलं हो?” बाबा म्हणतात, “फुकट,” आणि माझ्याकडे बघतात. मी पाणी आणायला आत जातो.