खोकला पूर्ण गेला नाही, तरी गोळी चालूच ठेवणार: पिमोबेंडानचा अनुभव

आमच्या चिंगीला, म्हणजे म्हाताऱ्या पॉमेरेनियनला, पिमोबेंडान ही हृदयाची गोळी सुरू होऊन वर्ष होत आलं. ज्यांच्या कुत्र्याला नुकतीच ही गोळी लिहून दिली आहे त्यांना आधी एवढंच सांगते, की ही खोकल्याची गोळी नाही. खोकला थांबला का, यावरून तिची परीक्षा करू नका.

चिंगीच्या हृदयाची मायट्रल झडप नीट मिटत नाही, त्यामुळे रक्त उलटं फिरतं. लहान जातींत उतारवयात हे फार दिसतं. एक्स-रे आणि इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदय वाढलेलं निघालं, पण फुप्फुसात पाणी नव्हतं. डॉक्टर याला बी-२ टप्पा म्हणतात. खोकला येतो तो फुगलेला डावा कर्णिका-कप्पा श्वासनळीच्या फांदीवर दाबतो म्हणून. त्यात पॉमेरेनियनची श्वासनळी अनेकदा मुळातच ढिली असते. गोळीने ती काही घट्ट होत नाही. पट्टा गळ्यातून काढून छातीचा घातला, त्याने खोकल्याला जास्त आराम पडला.

मग गोळी कशाला? ती हृदयाचं आकुंचन सुधारते आणि रक्तवाहिन्या सैल करते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एपिक अभ्यासात ३६० कुत्री होती, सगळी याच टप्प्यातली. पिमोबेंडान घेणाऱ्यांमध्ये हृदय निकामी होण्याची वेळ साधारण १५ महिन्यांनी पुढे गेली. म्हाताऱ्या कुत्र्याच्या आयुष्यात १५ महिने म्हणजे केवढे!

आम्ही लक्ष ठेवतो ते झोपेतल्या श्वासावर. गाढ झोपली की छाती वर-खाली होण्याची एक जोडी म्हणजे एक श्वास, असं पूर्ण मिनिट मोजायचं. ३० च्या आत असेल तर ठीक. त्यापुढे जायला लागला, तर खोकला असो वा नसो, डॉक्टरांना लगेच फोन. चिंगीचा आकडा अजून विशीच्या आसपास आहे, आणि जिना चढून आल्यावरची तिची धापही कमी झाली आहे.

त्रास म्हणाल तर वेळेचा. बारा-बारा तासांनी, जेवणाआधी तासभर, रिकाम्या पोटी द्यायची. बाहेरगावी जाताना हे सांभाळणं खरंच अवघड जातं. खर्चही आहे, कारण गोळी जन्मभराची.

इको न करता नुसत्या खोकल्यावरून ही सुरू करू नका. आणि घरातलं माणसांचं कफ सिरप तर मुळीच पाजू नका, त्यातली काही द्रव्यं कुत्र्यांना घातक असतात.